कार्ड घेणारा डॉक्टर

गांधी चौक मागं पडला तेव्हा कुसुमबाईंच्या तळव्यांना चांगलेच चटके बसायला लागले होते. नवरात्रात त्या अनवाणी राहायच्या. पण एरवी हे चालणं घरून देवळापर्यंत आणि देवळातून घरी, एवढंच असायचं. आज सिंधुच्या मागं निम्मं लातूर पालथं घालून झालं होतं. सिंधु पुढं. थोडं चालली की खोकायची, पदर तोंडाला लावायची, आणि खोकला थांबला की आधीपेक्षा जोरात चालायला लागायची.

"अगं, रिक्षा करू."

"रिक्षात बसून डॉक्टर सापडतोय व्हय बाई? पाट्या वाचीत जावं लागतंय."

सिंधु त्यांची जुनी विद्यार्थिनी. किल्लारीच्या शेजारच्या गावात कुसुमबाई चौथीला शिकवायच्या, तेव्हाची. आता ती ट्यूशन एरियातल्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. नांदेड-परभणीकडून डॉक्टर व्हायला आलेली पोरं तिच्या हातच्या पोळ्या खाऊन अभ्यासाला बसायची. आणि तिला स्वतःला महिना झाला तरी डॉक्टर मिळत नव्हता.

"ह्यातला एखादा होऊ द्या की पास," ती म्हणायची. "त्याच्याकडंच जाते. तवर खोकते."

कार्ड होतं तिच्याजवळ. मेसच्या ठेकेदारानं काढून दिलेलं, कामगार विम्याचं. त्यासाठी दर महिन्याला पगारातून कापून घेत. त्या कार्डावर मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो, रक्त तपासणी, औषधं, सगळं फुकट होतं. फक्त आधी नेमून दिलेल्या एखाद्या साध्या डॉक्टरनं तपासून चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नसेल तर मोठा दवाखाना दारातूनच परत पाठवायचा. सिंधुची रोज संध्याकाळी कणकण, अंग निम्मं झालेलं. मेसचा मॅनेजर शेषेराव स्वभावानं वाईट नव्हता, पण त्यानंही सांगून टाकलं होतं, "मावशी, पोरांच्या आईबापांचे फोन यायलेत. दसऱ्यापर्यंत तपासून घ्या, न्हाईतर मला दुसरी बाई बघावी लागंल." आणि दसरा उद्यावर आला होता.

"माझ्या डॉक्टरकडं चल ना," कुसुमबाई सकाळपासून म्हणत होत्या. "पैशाचं मी बघते."

"मग हे कापून घेतेत ते कशापायी? त्येंच्या दसऱ्याला सोनं लुटायला?"

रस्त्यात मारुतीचं देऊळ लागलं. कुसुमबाईंनी चालता चालताच हात जोडले. मारुतीराया, एखादा डॉक्टर तेवढा उघडा ठेव.

पहिल्या डॉक्टरची पाटी जागेवर होती, दवाखाना नव्हता. आत अभ्यासिका निघाली होती. डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर दोन मुली पुस्तकं पसरून बसल्या होत्या. एकीनं ओठावर बोट ठेवून "श्श" केलं. सिंधुनं खोकला दाबला, डोळ्यांत पाणी आलं, तशीच बाहेर पळाली. दुसऱ्या डॉक्टरनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे आम्ही बंद केलं," म्हणाला. "वर्ष-वर्ष वरून बिलं निघत नाहीत. रोख असेल तर बसा."

तिसरा दवाखाना औसा रोडला. तिथला कंपाउंडर ग्यानोबा दारातच चहा पीत उभा होता. सिंधुला पाहून त्यानं कप खाली ठेवला.

"मावशी, परत आलात? आमच्याकडं कार्ड चालत न्हाई म्हणून सांगितलं होतं की. अहो, वीरण्णा डॉक्टर घेतेत कार्ड, ते समोरच्या बिल्डिंगीत. मागच्या खेपेला मी तुम्हाला जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. गेला न्हाईत?"

सिंधुनं कार्ड पदराखाली सारलं.

"तुला ठाऊक होता?" कुसुमबाईंचा आवाज चढला नाही. "मग सकाळपासून मला का फिरवायलीस?"

"दुसरा कुणी खालचा सापडंल म्हणून."

समोरच्या इमारतीला खालपासून वरपर्यंत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चिकटवलेले होते. तिसऱ्या मजल्यावर, दोन फोटोंच्या मधल्या जागेत, डॉक्टरची लहानशी पाटी.

तेव्हा कुसुमबाईंच्या ध्यानात आलं. गणपती विसर्जनानंतरची ती भूकंपाची पहाट. तेव्हा औशाला राहणाऱ्या कुसुमबाई मिळेल त्या गाडीनं गावात पोचल्या तेव्हा गाव म्हणून काही उरलंच नव्हतं, दगडमातीचे ढीग होते. दिवस कलताना एका ढिगाखालून सिंधुला काढलं. तिची आई आणि भाऊ त्याच ढिगात गेले. बाप शेतात झोपलेला म्हणून राहिला. पुढं सिंधु मोठी झाली, लग्न झालं, नवऱ्यानं पुण्याला चौथ्या मजल्यावर खोली घेतली, आणि आठवड्याच्या आत ती परत आली. कुणी विचारलं तर सांगायची, "माणूस चांगला होता, घर उंच होतं." सगळे हसायचे. कुसुमबाईही हसल्या होत्या. सासरचं काहीतरी झाकायला म्हणते, असंच त्यांना वाटलं होतं. लातुरात आल्यावरही ती खालच्याच खोलीत राहिली, खालच्याच मेसमध्ये लागली; त्यात कुणाला काय दिसणार?

"तू इथंच थांब," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून जिना चढल्या.

वीरण्णा डॉक्टर म्हातारे, कपाळाला विभूती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी खाली आलो असतो हो. पण रस्त्यावर छाती कशी ऐकू? हा आवाज बघा." खालून हॉर्नचा कलकलाट येतच होता. "आणि कार्डाच्या पेशंटला इथल्या मशीनवर अंगठा लावावा लागतो. न तपासता चिठ्ठी मी देणार नाही. काही दुसरं निघालं म्हणजे?"

"संध्याकाळपर्यंत आहात ना?"

"एक वाजता बंद. दसऱ्याला उदगीरला जातो, आठ दिवस तिकडंच."

कुसुमबाई उतरल्या. सिंधु पहिल्या पायरीच्या अलीकडे, भिंतीला न टेकता उभी होती. दोन पोरं दप्तरं घेऊन तिच्या बाजूनं धाडधाड वर गेली. जिना हादरल्यासारखं तिनं अंग आवळून घेतलं.

"तपासल्याबिगर न्हाई म्हणाले?"

"हं. आणि एकला जातात."

सिंधुनं कार्ड कमरेला खोचलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला. पुन्हा ठेवला. कुसुमबाईंनी मनातल्या मनात आईचं, तुळजाभवानीचं नाव घेतलं आणि हात पुढं केला.

"हात नको बाई," सिंधु म्हणाली. "हात धरला की मी तुम्हाला घेऊनच खाली पळंन. तुम्ही माझ्या मागनं या. भूकंपानंतर तुम्ही आम्हाला रागवायचं सोडूनच दिलं. पत्र्याच्या शेडातल्या शाळेत पाढे चुकले तरी एका शब्दानं बोलत नव्हता. आज रागवा. मी थांबले की मोठ्यानं रागवा, लोकं बघायलेत म्हणून आवाज कमी करू नका."