टेबलावर रोप नको

जगात जे जे बिघडू शकतं, ते एकदा तरी अण्णांच्या हातून बिघडून गेलेलं असतं, अशी माझी पक्की समजूत आहे. मल्लेश्वरममधल्या आमच्या छोट्या गेम कंपनीत ते टेस्टर होते. म्हणजे आम्ही बनवलेला खेळ लोकांच्या हाती जाण्याआधी तो वेड्यासारखा खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. पण ऑफिस सुटलं तरी अण्णांचं टेस्टिंग सुटत नसे. लिफ्टमध्ये शिरले की सगळी बटणं एकदम दाबून पाहत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली-वडा मागवत आणि ताटली समोर आली की विचारत, "आता इडली रद्द केली तर काय होईल?" काउंटरवरचा माणूस हात जोडायचा. "खेळणारा जो वेडेपणा करील, तो आपण आधी करून बघायचा, अक्का," असं ते मला समजावत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी 'अक्का'च. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलेलं की वेगळं काढता येत नसे. प्रत्येक गोष्ट 'स्वल्प'. स्वल्प थांब, स्वल्प चहा, स्वल्प भीती वाटते. जतच्या शाळेत शिकलेल्या मला तोवर 'स्वल्प' फक्त स्वल्पविरामात भेटला होता.

आमच्या खेळात एक शेळी होती. तिनं गावभर उड्या मारत घरी पोचायचं. तिची उडी मी लिहिली होती, आणि त्या उडीत काही चुकलं की शेळी विहिरीत पडे. पडायचं काम अण्णांचं. एकदा आम्ही दोघं रिक्षातून जात होतो आणि अण्णा फोनवर बायकोला सांगत होते, "अगं, आज विहिरीत उड्या मारून मारून मेलो. उद्या रविवार असला तरी पुन्हा मरायला जायचंय, साहेबांनी सांगितलंय." रिक्षावाला निघाला बेळगावकडचा. त्यानं रिक्षा बाजूला घेतली, मागं वळला आणि अगदी कळवळून म्हणाला, "अण्णा, नोकरी सोडा, पण जीव देऊ नका." मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर बोलला तो."

त्या दिवसांत खेळ बाजारात यायला नेहमी 'स्वल्प'च काम उरलेलं असे आणि ते स्वल्प आमचे सगळे रविवार खाऊन टाकी. अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. मी बळेच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आता दुखतंय का?" झालं! आमच्या कामात जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती कुणी खरी मानत नाही. अण्णा उठले. "थांबा, पुन्हा घडवून दाखवतो," म्हणाले आणि दवाखान्याचा जिना धावत चढायला लागले. मी आणि कंपाउंडर त्यांच्या मागं. तपासणीत काही निघालं नाही. परत येताना अण्णा खिन्न होते. "घडलं नाही म्हणजे चूक नाही, असं नसतं गं, अक्का."

त्यांचं टेबल मात्र कायम रिकामं. एक पाण्याची बाटली, एक डबा, बस. मी माझ्या टेबलावर मनी प्लँटचं रोप आणून ठेवलं तेव्हा ते घाबरलेच. "रोप नको. नोकरीवरून काढलं की ते हातात घेऊन बसमध्ये कशी चढशील?" त्यांचा एक नियमच होता: शुक्रवारी कंपनीनं फुकट बिर्याणी मागवली की माणसं जातात. मला तो विनोद वाटे. मी घरातली पहिली पदवीधर. ज्या कंपनीनं मला पहिली खुर्ची दिली, ती कुणाला अशी उठवील हे माझ्या मनाला पटत नसे. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. पोरगी खेळ बनवते हे ते शेजाऱ्यांना सांगत नसत, 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणत.

अशात महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीनं मला बँकांच्या सॉफ्टवेअरची नोकरी देऊ केली. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. माझी झोप उडाली. शेळी सोडवेना आणि भीतीही जाईना. अण्णा म्हणाले, "जा." मी जरा चिडूनच विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात कधी?" ते म्हणाले, "ज्या विहिरीत मी पडतो, तिथं मग कुणाचं पोर अडकत नाही. मला एवढंच येतं."

त्याच शुक्रवारी बिर्याणी आली. सगळे टाळ्या वाजवत उठले. अण्णा त्या डब्यांकडे असे बघत होते, जणू आत साप आहे. जेवण होतंय तोवर काचेच्या खोलीत एकेकाला बोलावणं सुरू झालं. माझा घास तोंडातच फिरत राहिला. दार उघडलं की वाटे, आता माझं नाव. नाव आलं अण्णांचं.

ते लगेच परत आले. बाटली आणि डबा पिशवीत गेला, आवराआवर संपली. मग त्यांनी माझं रोप उचललं. "हे मी नेतो. निघताना हात मोकळे असावेत."

"अण्णा, मला नाही काढलेलं."

"सरी, बरं झालं. म्हणूनच तू आपणहून निघ."

मला रडू फुटलं. दारातून वळून ते म्हणाले, "अगं, पूर्णविराम नाही हा. स्वल्पविराम."

सोमवारी मी हो म्हणाले. वडील आता 'बँकेच्या कामात आहे' असं सगळ्यांना सांगतात. शेळीची आठवण येते, ती मी कुणाला सांगत नाही. अण्णा घरूनच मिळेल त्या खेळात पडतात, मरतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. "टेबल पक्कं झालं का?" मी म्हणते, "झालं, अण्णा." ते म्हणतात, "पुन्हा घडवून दाखव." मग रोपाची खबर देतात: नवं पान आलं, खिडकीच्या गजाला वेढा घातला, आता काढायचं म्हटलं तर स्वल्प अवघड जाईल.

परवा शुक्रवारी नव्या ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचं जेवण होतं. सगळे हसत पुढं गेले. मी आधी बाटली पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली आणि मग जेवायला गेले. रोप अजून अण्णांच्याच खिडकीत आहे.