सटाण्यापर्यंत, अर्धा अर्धा तास

नाशिकहून सटाणा तीन तासांवर. माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. मला तिथे पोचायला तीन वर्षं लागली.

मी शाळेच्या कार्यालयात लिपिक. खुर्चीत बसून बसून कंबर धरलेली. धाकटी बहीण सुमन सटाण्याला असते. तिच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला निघाले, तर पिंपळगाव बसवंतला अशी कळ मारली की उतरून परत आले. पुढच्या वर्षी पुन्हा निघाले, पुन्हा पिंपळगावलाच उतरले. दोन्ही वेळा सुमनने माझ्यासाठी खापरावरचे मांडे करून ठेवले होते. यंदा तिने बोलावलंच नाही, आणि ते मला कमरेपेक्षा जास्त लागलं.

मग मुलीने मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. दर अर्ध्या तासाने घंटा वाजते: उठा. रोज थोडं थोडं चालणं वाढवा. संध्याकाळी दुखणं शून्य ते दहात सांगा. पहिला आठवडा मी रागाने दहाच दाबत होते. डॉक्टरांनी एक्स-रे बघून घाबरण्यासारखं काही नाही म्हटलं होतं. घाबरायचं मी काही सोडलं नव्हतं. चार महिन्यांनी आकडा चारवर आला, तेव्हा सुमनला फोन केला, येते म्हणून. ती नुसतं “बरं” म्हणाली.

शनिवारी सकाळी गाडीत बसले. ओझरला पहिली घंटा झाली. आवाज कमी करायचा राहून गेला होता. “पोट हळूच आत घ्या,” ॲपमधली बाई गाडीभर बोलली. कंडक्टरनेही पोट आत घेतलेलं मी पाहिलं.

दुसरी घंटा नेमकी पिंपळगावला झाली. मी उभी राहिले, आणि नुकतीच चढलेली एक बाई माझ्या जागेवर बसली. द्राक्षाचा हंगाम संपवून गावी निघाली होती. बागलाणकडची, अहिराणी बोलणारी. जागा माझी आहे, मी उतरणार नाही, असं मी सांगितलं.

“मंग उठनी कसाले?” (मग उठलीस कशाला?)

मी मोबाइल दाखवून सगळं समजावलं. ती हसली. पॅकहाउसमध्ये दिवसभर उभ्याने द्राक्षं भरून तिचीही कंबर गेली होती. तिने विचारलं, “उभं ऱ्हानारीसकरता यामा काय शे का?” (उभं राहणाऱ्यांसाठी यात काही आहे का?)

मला लाजच वाटली. चार महिन्यांत मी ते कधी पाहिलंच नव्हतं. शोधलं तर होतं: एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवा, थोड्या वेळाने दुसरा.

“रिकामा क्रेट तं पायजोडेच पडेल ऱ्हास,” ती म्हणाली. (पायाजवळच पडलेला असतो.)

आमचं ठरलं. अर्धा तास ती बसणार, अर्धा तास मी. तिला बसायला हवं होतं, मला उठायला.

देवळ्याआधीच्या घाटात माझी बसायची पाळी होती. इंजिनाच्या घरघरीत घंटा ऐकूच आली नाही. कळ उठली आणि मी सीटचा दांडा घट्ट धरून तशीच बसून राहिले. आता देवळ्याला उतरावं लागणार, सुमनला काय सांगू, एवढंच डोक्यात. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

“उठ माय, तुना टाइम व्हई गया.”

उठले. तिने एका हाताने मला धरलं. वळणावळणाला कळ कमी होत गेली. देवळा आलं आणि गेलं. मला रडूच आलं, इतकं हायसं वाटलं. सटाण्याच्या अलीकडे ती उतरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सुमनने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे बघितलं, मला कोणी धरून आणलंय का ते. स्वयंपाकघरात सामसूम होती.

“काही केलं नाही ताई,” ती म्हणाली. “दोनदा मांडे गायीला घातले.”

बरोबरच केलंस, मी म्हटलं. समोर बुद्धमूर्ती होती. तीन वर्षं मी घरच्या मूर्तीला उभ्यानेच हात जोडत होते. त्या दिवशी गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं आणि आपली आपण उठले. मग दोघींनी खिचडी टाकली. कांदा सुमन चिरत होती, पण डोळे दोघींचे गळत होते.

रविवारी परत निघाले तेव्हा डब्यात मांडे होते. कंबर काही नवी झालेली नाही. आदल्या संध्याकाळी मी तीन दाबला होता. तीनच्या आकड्याबरोबर जगता येतं, एवढं मला कळलं होतं.

पिंपळगावला घंटा झाली. खिडकीतून पॅकहाउस दिसत होतं. पुढच्या हंगामाला ती बाई परत येईल, तेव्हा क्रेट पायाखाली घेईल का, असा विचार करत उठले. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. “उतरायचं का ताई?”

“नाही,” मी म्हटलं. “नुसती उभी राहिलेय.”