एकमेव सर आणि त्यांची छत्री

आमच्या खात्यात त्यांना सगळे ‘एकमेव सर’ म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी तीस वर्षांत काय दिवे लावले ते विचारू नका, पण रानफुलांचे फोटो मात्र असे काढायचे की बघणारा बघतच राहावा. प्रत्येक फोटोखाली ओळ ठरलेली: ‘या फुलाचे एकमेव छायाचित्र.’ ते खोटं नसायचं, कारण फोटो मनासारखा आला की सर ते रोप मुळासकट उपटून फेकून द्यायचे.

“माझ्यामागून कुणीही येऊन त्याच फुलाचा फोटो काढणार असेल, तर मी उन्हात पोटावर कशाला झोपू?” असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. हेच सर विद्यार्थ्यांपुढे नाकाने कांदे सोलायचे. फूल तोडू नका, पान खुडू नका.

माझं काम वाळलेली रोपं जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली माहितीची चिठ्ठी लावायचं. कपाटांच्या किल्ल्याही माझ्याकडेच. त्यामुळे सरांचं पुढचं सगळं माझ्या टेबलावरून गेलं.

दर रविवारी सर बायकोला रानात बरोबर न्यायचे. ऊन थेट फुलावर पडलं की फोटो भगभगीत येतो, म्हणून तिने वर पांढरी छत्री धरायची. बावीस वर्षं धरली. हात हलला की सर ओरडायचे, “झोपलीस का?” खात्यात तिचंही नाव पडलं होतं, ‘सरांची छत्री’. मीही हसायचे त्यावर. मी तिला वहिनी म्हणायचे.

ज्यावरून पुढचं सगळं झालं, ते फूल एका डोंगरउतारावर वहिनीलाच दिसलं. सर नेहमीच्याच कसल्यातरी पिवळ्या फुलाशी झटत होते, तेव्हा ती म्हणाली, “अहो, हे बघा ना, हिरवट फूल आणि आत जांभळा ठिपका. असलं आपण कधी पाहिलं नाही.” तीन रोपं होती. सरांनी दोन तास फोटो काढले आणि तिन्ही उपटली.

फोटो त्यांनी दूरच्या एका मोठ्या तज्ज्ञाकडे पाठवला. उत्तर आलं: जात नवी दिसते, अभिनंदन, वाळवलेलं रोप पाठवा. हातात रोप नसेल तर नुसत्या फोटोवर नाव देता येत नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या धंद्यातल्या पहिलीतल्या पोरालाही कळावी अशी गोष्ट, आणि तीस वर्षांचा शास्त्रज्ञ ती विसरला! तीन वेळा त्या उतारावर जाऊन आले, गुडघ्यांवर रांगून आले. एक पान नाही. माझ्याच टेबलाशी डोकं धरून बसले होते, तेव्हा वहिनी डबा द्यायला आली आणि काय झालं म्हणून विचारलं.

“ते होय? ते आहे की माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी तिने टेलिफोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी आणली. पानापानांत रोपं. सरांनी फेकलेली, तिने उचललेली, मुळं झटकून नीट पसरलेली, आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलने तारीख आणि जागा. “टाकवत नाही हो,” म्हणाली. हिरवट फुलाची तिन्ही रोपं होती. आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना इतकी सुबक वाळवता येत नाहीत.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच, निदान माझ्यासमोर, तिच्या खांद्यावर हात ठेवला. “या फुलाला तुझं नाव देणार,” म्हणाले. ती इतकी लाजली की पिशवी इथेच विसरून गेली. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

नव्या जातीला शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. नाहीतर सरांनी तेच दिलं असतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि मुदतवाढ संचालकांच्या सहीवर अडकली होती. सरांनी फुलाला संचालकांचं नाव दिलं. सही झाली. दोन वर्षं वाढली.

चिठ्ठीचा मजकूर घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, “सर, वहिनींचं नाव?”

“तिला काय कळतंय त्यातलं? दिलंय म्हणून सांगितलंय मी.”

‘शोधणारा’ या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. आयत्या बिळावर नागोबा. मी मनात शंभर शिव्या दिल्या आणि चिठ्ठी सरळ रेषेत, नीटनेटकी चिकटवली. कागदाला क्रमांक घातला.

सर परगावी गेले होते त्या आठवड्यात वहिनी आली. ठेवणीतले कपडे, केसांना तेल. “दाखव ना गं माझं फूल.”

मी कागद काढून टेबलावर ठेवला. फुलाची आणि माणसांची नावं परक्या लिपीत होती, ती तिला येत नव्हती. तिने चिठ्ठीवर अलगद बोट ठेवलं. “यात मी कुठे? वाच ना.”

खोटं बोलायला काय लागलं असतं? पण मला सरांचा असा संताप आला होता की मी सगळं खरंखरं वाचून दाखवलं. फुलाचं नाव, ते कुणाचं, का दिलं, आणि शोधणारा कोण. राग सरांवर होता आणि काढला मी तिच्यावर.

तिने बोट चिठ्ठीवरून उचलून रोपावर ठेवलं. मग म्हणाली, “तिन्हींतलं एक तरी दे मला परत. मी वाळवलंय ते.”

“क्रमांक पडला की बाहेर देता येत नाही, वहिनी. नियम आहे.” मी कागद आत ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. तिच्यासमोर.

“मग आता लोकांना काय सांगू?”

“नाव आहे म्हणून सांगा की,” मी म्हटलं. “कोण येतंय इथे बघायला?”

“मी आले ना,” ती म्हणाली.