वन्सं आणि बँडात नसलेले

समोरच्याला धक्का दिल्याशिवाय साधं 'घरात आहे का कोणी' एवढंही जिला विचारता येत नाही, अशी व्यक्ती उभ्या जव्हार तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी नणंद आहे. माझ्या यजमानांची थोरली बहीण; मी त्यांना वन्सं म्हणते. एकतीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली, तीही दवाखान्यात पंख्याखाली बसून नव्हे, तर खांद्याला लशींचा डबा अडकवून जव्हार-मोखाड्याचे पाडे पायी तुडवत. वाईट बातमी माणसाला हळूहळू कशी सांगावी, हे नर्सना शिकवतात म्हणे. वन्सं ते शिकल्या असणारच, पण ते सगळं शिक्षण त्यांनी नोकरीतच वापरून संपवलं असावं, कारण घरच्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याची बातमी त्यांनी आम्हाला चौथ्या दिवशी पुरणपोळी वाढता वाढता दिली. आमचे घास हातातच राहिले. त्या म्हणाल्या, "बघता काय? डोळा माझा आहे. तूप घ्या."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आता जरा स्वस्थता मिळेल असं मला वाटलं होतं. महिना झाला नसेल. मी सकाळी शाळेत जायच्या गडबडीत नागलीच्या भाकऱ्या थापत होते, तर वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "मास्तरीण, मी वाजवणाऱ्यांची नोंदणी सुरू केलीय. ऑनलाइन." माझी भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली. त्याचं कारण ऑनलाइन हे नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सगळे अहवाल मोबाइलवरच भरायचे असल्यामुळे फोनशी त्यांची चांगलीच ओळख होती. कारण होतं वाजवणं. वन्संना सुराचं अंग नाही हे आमच्या आळीत सर्वांना ठाऊक आहे. त्या गणपतीच्या आरतीला उभ्या राहिल्या की शेजारी झांजा जोरात वाजवायला लागतात, ते भक्तीमुळे नव्हे. अशा बाईने वाजवणाऱ्यांचं काय करायचं ठरवलंय, मला समजेना.

"अगं, बँडात आहे त्याला बँडवाला विचारतो," त्या पाटावर बसत म्हणाल्या. "डीजेबरोबर जातो त्याला डीजेवाला विचारतो. जे एकेकटे आपापल्या घरी वाजवत बसतात, स्वतःची गाणी करतात, त्यांना कोण विचारतं? या डोंगरावरच्याला त्या डोंगरावरचा माहीत नाही. मला सगळे माहीत आहेत."

हे मात्र खरं होतं. कुठल्या पाड्यावर कुठल्या घरात कोणती खुंटी आहे आणि त्या खुंटीला तारपा लटकतोय की ढोलकी, हे वन्संना लहान मुलांच्या डोसांइतकं पाठ होतं. मोबाइलवरच्या या गटाला नाव काय द्यायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. मी मराठीची शिक्षिका. मी 'स्वतंत्र संगीतकार मंच' असं सुचवलं. "मंच नको," वन्सं म्हणाल्या. "मंच म्हटला की पुढारी चढतो." मग त्यांनी स्वतःच नाव ठेवलं: 'बँडात नसलेले'. आणि सभासदत्वाच्या तीन अटी लिहिल्या. पहिली अट, स्वतः वाजवत किंवा गात असावा. दुसरी, कुणाच्या बँडात नसावा. तिसरी, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

"वन्सं, धनुर्वाताचा गाण्याशी काय संबंध?"

"तार लागते, पत्रा लागतो. तुला नाही कळायचं."

प्रत्येक सभासदाची ओळख त्या स्वतः लिहून गटात टाकायच्या, आणि ती वाचताना रुग्णाचा कागद वाचतोय की कलाकाराची माहिती, असा प्रश्न पडायचा. जामसरला ग्रामपंचायतीत लिपिक असलेले एक गृहस्थ फार गोड पेटी वाजवतात आणि चालीही स्वतः बांधतात. त्यांच्याबद्दल वन्संनी लिहिलं, 'बोटं चपळ. वजन जास्त. रक्तगट ओ. रोज चालावे.' ते बिचारे दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चालायला जाऊन आल्याचा फोटो गटात टाकला आणि त्याखाली नवीन चाल. ठाण्याला इमारतीच्या कामावर गेलेली आमच्याकडची एक बाई आहे, मंगली. ती बांधकामाच्या जिन्यात उभी राहून स्वतः रचलेली गाणी म्हणायची, निम्मी घरच्या बोलीत आणि निम्मी हिंदीत. कोऱ्या भिंतींमध्ये तिचा आवाज असा घुमायचा की ऐकताना अंगावर काटा यायचा. तिच्या पहिल्या गाण्याखाली वन्संनी एवढंच लिहिलं, 'हेल्मेट कुठे आहे?'

गट वाढत गेला, आणि तो का वाढतोय हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. एवढा दरारा असलेल्या ठिकाणी मी स्वतः तर फिरकले नसते. पण मोखाड्यातल्या सूर्यमाळच्या बाजूला फोनला रेंज नाही, ती फक्त एका टेकाडावरच्या मोठ्या दगडापाशी मिळते. वन्संनी मंगळवार हा त्या दगडाचा वार ठरवून दिला. आपापला व्हिडिओ टाकायला तीन-चार पाड्यांवरचे वाजवणारे तिथे जमू लागले. शेजारच्याच डोंगरावर राहून आयुष्यात एकमेकांचं वाजवणं न ऐकलेली माणसं दगडाला टेकून एकमेकांना ऐकवू लागली. मी एकदा गेले होते. व्हिडिओ टाकायचा सर्वांनाच विसर पडला होता.

त्या दगडावरच काळूबाबांचा व्हिडिओ काढला गेला. काळूबाबा सूर्यमाळच्या एका पाड्यावरचे, सत्तरीच्या पुढचे. भात-नागली करायची आणि हंगाम उरकला की तारपा वाजवायचा. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानांचा हा तारपा फुंकताना श्वास मधे तोडायचा नसतो. बाबा गाल फुगवून पाऊण तास वाजवायचे आणि बघणाऱ्यालाच धाप लागायची. त्यांचा तो व्हिडिओ गटातून बाहेर गेला, वन्संनी उघडलेल्या चॅनेलवर गेला, आणि कुठल्या कुठल्या गावांहून लोकांचे निरोप यायला लागले. बाबांना ते वाचून दाखवले की ते विचारायचे, "त्यांच्याकडं भात झाला काय यंदा?"

आणि एक दिवस तो व्हिडिओ गायब झाला.

वन्सं माझ्या शाळेत आल्या, भर वर्गात. एकतीस वर्षांत साप चावलेली, जळालेली, अडलेली माणसं पाहिलेली ही बाई, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचं असल्यामुळे व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मुंबईतल्या गाण्यांच्या कुठल्याशा कंपनीने हक्क सांगितला होता. आम्ही त्या कंपनीचं गाणं शोधून ऐकलं. धाड धाड ठोक्यांखाली काळूबाबांचाच तारपा वाजत होता. मागच्या वर्षी जव्हारजवळ शिरपामाळला फिरायला आलेल्या काही मंडळींनी बाबांना पुढे बसवून हौसेने वाजवायला लावलं होतं. ते तिथेच भरून घेतलेलं असणार. मी वर्गातल्या खुर्चीत बसून राहिले. मुलं आमच्याकडे बघत होती. दुसऱ्याचं धान्य नेतात, कोंबडी नेतात हे मला माहीत होतं. दुसऱ्याचा श्वास नेऊन वर त्यालाच गप्प बसवता येतं, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सूर्यमाळला गेलो. वन्संनी सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, एका दमात. काळूबाबा अंगणात बसून ऐकत होते. आधी त्यांना हसू आलं. "कंपनी? कंपनीला फुंकायला तोंड कुठं हाय?" म्हणाले. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"बाय," त्यांनी वन्संना विचारलं, "म्हंजे मी त्यांचा चोरला, असा बोलतात?"

"नाही हो बाबा, चोरलं त्यांनी..."

"पण बंद माझा केला ना? चोराचाच बंद करतात."

ते उठले, आत गेले, तारपा खुंटीला अडकवून आले आणि गोठ्याकडे निघून गेले. सबंध आयुष्यात त्यांनी कुणाच्या शेतातली काकडीसुद्धा तोडली नव्हती. डोंगर उतरताना वन्सं इतक्या झपाझप पुढे चालल्या की मला त्यांची भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी गटात त्यांचा निरोप आला, 'हा सूर ज्याला ज्याला येतो, ज्याच्या आईला, आजीला येत होता, त्याने आठवड्यात वाजवून किंवा गाऊन पाठवावा. ताप असेल तर आधी औषध घ्यावे.' मला वाटलं, चार-पाच येतील. आठवडाभर माझ्या फोनला उसंत मिळाली नाही. कुणी बासरीवर वाजवला, कुणी नुसती शीळ घातली. जामसरच्या लिपिकांनी पेटीवर वाजवून आपण तो कुणाकडून ऐकला ते तारीखवार सांगितलं. मंगलीने जिन्यात उभी राहून तो शब्दांसकट म्हटला. तिची आजी भात कांडताना म्हणायची म्हणे. या वेळी तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. व्हिडिओ परत लावावा म्हणून लिपिकांनी अर्ज असा तयार केला की कोर्टानेही उभं राहून वाचावा. मराठी मी तपासलं, इंग्रजी माझ्या यजमानांनी. तो आम्ही, ज्यांनी व्हिडिओ काढून टाकला होता त्या साइटवाल्यांकडे पाठवला.

वन्संचा अर्जावर विश्वास नव्हता. त्यांनी कंपनीचा नंबर शोधला आणि रोज सकाळी साडेदहाला फोन करायला सुरुवात केली. क्षयाच्या रोग्याला गोळी घेतली का म्हणून रोज विचारायचा त्यांचा जुना खाक्या होता, तोच इथे लावला. पलीकडचा माणूस काकुळतीला आला. "मॅडम, ये सब सिस्टम से ऑटोमॅटिक होता है," तो म्हणाला.

"तो सिस्टम को बोलो, सिस्टर का फोन आया है," वन्सं म्हणाल्या. "और तुम खाँसते बहुत हो. कितना दिन हुआ?"

पंधरा दिवस झालेले निघाले. दुसऱ्या दिवशी वन्संनी फोन केला तो आधी त्याच्या एक्स-रेसाठी आणि मग सुरासाठी. मी कपाळाला हात लावला. शेवटी कंपनीने निरोप दिला की, हा सूर आपला असून आपण तो कंपनीला वापरायला देत आहोत, अशी सही बाबांनी केली तर त्यांचंही नाव गाण्याखाली घालू. मला हे बरं वाटलं. आम्ही परत वर गेलो. बाबांनी कागद उलटासुलटा पाहिला.

"मी कशी सही करू? तो माझा नाय," ते म्हणाले. "माझ्या बापाचाबी नाय. तो इथं होता. आमी वाजवला."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "ऐकलंस, मास्तरीण? इतके दिवस आपण सगळ्यांनी जे सांगायचा प्रयत्न केला, ते यांनी चार वाक्यांत सांगितलं." त्यांनी हेच फोनवर त्या माणसाला त्यांच्या हिंदीत सांगितलं, आणि त्याला ते किती कळलं देव जाणे. मग एकदाचं अर्जाचं उत्तर आलं. कंपनीने हक्क मागे घेतला होता. माफीचा शब्द कुठे नव्हता, पण व्हिडिओ परत दिसू लागला. त्या दिवशी दगडापाशी मंगळवार नसतानाही माणसं जमली.

आम्ही बाबांना सांगायला गेलो. वन्संनी वाटेतच ठरवलं होतं की आज नवा व्हिडिओ काढायचा, चांगला लांबलचक. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आत जाऊन तारपा आणला. वन्संनी फोन काढला तसा त्यांनी हात वर केला. "फोनात नको, बाय. ज्याला ऐकायचा त्यानं इथं यावा."

मी डोळे मिटून घेतले. ज्या गोष्टीसाठी वन्संनी जिवाचा एवढा आटापिटा केला, तिच्यावरच या म्हाताऱ्याने पाणी ओतलं होतं. आता इथे काय होईल, याची मला कल्पना करवत नव्हती. काहीच झालं नाही. वन्संनी फोन पिशवीत टाकला, "बरं" म्हणाल्या, चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या. बाबा वाजवू लागले. मी वन्संना इतका वेळ एका जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. उतरताना त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं या घरी येतेय गं. हे कितीदा तरी वाजवत असायचे. मी डबा उघडायचे, पोरांना टोचायचे, पुढच्या पाड्याला पळायचे. पूर्ण असं कधी ऐकलंच नाही."

आता गट मंगली आणि जामसरचे लिपिक चालवतात. सभासद पुष्कळ झालेत, धनुर्वाताची अट तशीच आहे. वन्सं दर गुरुवारी सूर्यमाळला जातात, सुट्टी असली की मीही जाते. बाबांना आता पूर्वीसारखा पाऊण तास होत नाही. मागच्या खेपेला ते मध्येच थांबले, तारपा मांडीवर ठेवला आणि श्वास घेत बसले. वन्सं सवयीने पुढे सरकल्या, नाडी पाहायला त्यांचं मनगट धरलं. पण घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. मनगट हातात धरून तशाच बसून राहिल्या, बाबा परत वाजवतील म्हणून वाट बघत.