शांतादेवीचा फुटका पाटा

रविवार उजाडला की शांतादेवीच्या पोटात दुखायला लागायचं, आणि ते दुखणं कुठल्याच ओव्याला दाद द्यायचं नाही. गेवराईहून सायकलवाल्यांची टोळी यायची. उमापूरच्या वाटेनं गावात शिरायचं, पडकी वेस बघायची, बारवेत डोकवायचं आणि मठाला वळसा घालून परत. रस्ता सगळा सपाट, त्यामुळं पोटं सुटलेले साहेबलोकसुद्धा हसतखेळत यायचे. आणि चहाला थांबायचे कुठं? शांतादेवीच्या किराणा दुकानाशी? छे! दुकानावरून घंटी वाजवत पुढं जायचे आणि थेट सत्यभामेच्या अंगणात उतरायचे. कारण काय, तर तिच्या गोठ्यापाशी वीरगळ होता. कुठल्याशा लढाईत पडलेल्या शूराचा कोरीव दगड, गुरांनी अंग घासून गुळगुळीत केलेला.

दोघी एकाच उन्हाळ्यात गावात सुना म्हणून आल्या होत्या. शांतादेवी लिंगायत वाण्याच्या घरात, सत्यभामा शेतकऱ्याच्या. तेव्हापासून एकीचं सगळं दुसरीच्या डोळ्यात सलत होतं. सत्यभामेची म्हैस दूध जास्त देते. तिची विहीर वैशाखातही आटत नाही. तिच्या सुना उलटून बोलत नाहीत. नवऱ्यामागं शांतादेवीनं एकटीनं दुकान ओढलं, मुलाला शिकवलं, पण गाव नाव घ्यायचं ते सत्यभामेचं. तिच्याविरुद्ध बोलायला शांतादेवीकडं एकच गोष्ट होती. सत्यभामेनं लेकीच्या लग्नात पुरण वाटायला पाटा नेला आणि कोपरा फोडून परत आणला. हे गाऱ्हाणं शांतादेवी प्रत्येक गिऱ्हाइकाला मिठाच्या पुडीबरोबर बांधून द्यायची.

मिक्सर आल्यापासून तो पाटा न्हाणीमागं पडून होता. एका भर दुपारी, गाव सुस्तावलेलं असताना, तिनं तो ओढत आणला, दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा पुरला आणि वर बोटभर शेंदूर थापला. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती आणि हात मनगटापर्यंत शेंदरी!

सून कावेरी दारात येऊन थबकली. "आत्याबाई, आपल्यात दगडाला शेंदूर लावत्यात व्हय?"

"नाली खांदताना देव निघालाय. तू आत जा."

दिवस मावळेपर्यंत बायका नारळ घेऊन हजर झाल्या. नारळ शांतादेवीच्याच दुकानातले, त्यामुळं देवाची सुरुवात तर झकास झाली.

रविवारी सायकली खरोखर थांबल्या. शांतादेवीनं पहाटेच आधण ठेवलं होतं, खारीची बरणी पुसून पुढं मांडली होती. पण मंडळींनी बूट काढले, हात जोडले आणि पुन्हा बूट चढवले. देवासमोर बसून कसं खायचं-प्यायचं, असं आपसांत बोलत सगळे सत्यभामेकडं निघून गेले. स्वतःच बसवलेल्या देवानं गिऱ्हाईक हाकललं! शांतादेवीनं सगळं आधण मोरीत ओतलं आणि दिवसभर कावेरीवर खेकसत राहिली.

पुढच्या रविवारी सायकलवाल्यांसोबत सत्यभामाही आली, पदराखाली नारळ घेऊन. टोळीची म्होरकी तेजश्री शाळेत इतिहास शिकवायची. ती दगडापुढं उकिडवी बसली आणि शांतादेवीला विचारू लागली.

"मावशी, हा कोपरा कशानं फुटला असेल? आणि शेंदराखाली हे छिन्नी-टाकीचे घाव कसले?"

सत्यभामा वाकली. तिनं फुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मग मान वर करून शांतादेवीकडं पाहिलं. हिनं पाटा ओळखला, हे शांतादेवीला कळलं. आता ही बोलणार, आणि उद्यापासून अख्खं गाव मिठाच्या पुडीसाठी नव्हे, हसण्यासाठी दुकानात येणार. इतक्या वर्षांचं उट्टं काढायला हिला एक वाक्य पुरे होतं.

"कोपरा माझ्या हातनं फुटलाय बाई," सत्यभामा म्हणाली. "लई वर्सं झाली. राग आसंल, म्हणून नारळ आणलाय."

तिनं नारळ ठेवला आणि मंडळींकडं वळली. "आज चहा हितंच घ्या. माझं दूध फाटलंय. ह्याच्याम्होरं बसाया काय हरकत न्हाई, घरातलाच देव हाय ह्यो."

मंडळी लिंबाखाली पसरून बसली. खारीची बरणी बघता बघता रिकामी झाली. "आता दर रविवारी इथंच," असं कुणीतरी म्हणालंही. शांतादेवीला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तिचा असा जळफळाट झाला की आजवर कधी झाला नव्हता. म्हैस तिची, विहीर तिची, आता हा मोठेपणाही तिचाच?

तिनं सत्यभामेच्या कपात रागारागानं साखर जास्तच लोटली.

सत्यभामेनं घोट घेतला. "ग्वाड झालाय गं शांते."

सत्यभामेच्या घरचं दूध आजवर एकदाही फाटलेलं नव्हतं. आयुष्यभर तिच्या चुलीवर डोळा ठेवून बसलेल्या शांतादेवीएवढं ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार?