मावशीचे शेंगदाणे

दुखऱ्या पायांसाठी डॉक्टरांनी दिलेली ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल हातातच फुटली, आणि त्या तेलकट वासासरशी भंडाऱ्याची आमची प्रयोगशाळा समोर उभी राहिली.

ई जीवनसत्त्वाविना उंदरांचे स्नायू ऊर्जेसाठी सक्सिनिक आम्ल कसे वापरतात, हे मी शोधत होतो. एके दिवशी आसगावची मावशी डबा घेऊन आली आणि पिंजऱ्यांतले सुकलेले उंदीर पाहून म्हणाली,

"काहून रे, या लेकरायले उपाशी ठेवून राहिला?"

"उपाशी नाही ना मावशी, एक जीवनसत्त्व तेवढं बंद केलं."

"मंग देऊन दे ना!"

चहा सांगून परततो, तर पिंजऱ्यापिंजऱ्यांत शेंगदाणे! म्हणजे ई जीवनसत्त्वाची मेजवानीच! माझं संशोधन उंदीर कुरकुर खात होते.

मी डोकं धरून बसलो. मावशीने डबा उघडला. "आता तू बी खा. तुयं तोंडही त्यायच्यासारखंच सुकलं."

तेव्हा घास उतरला नाही. आज दुसरी कॅप्सूल गिळताना त्याच डब्याची भूक लागते.