न जोडलेले फोटो

आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ताईने शिवणाचं मशीन कारखान्यातून उचलून घरी आणलं. शाळेच्या गणवेशांच्या कॉलर ती आता आईच्या पलंगाशेजारी बसून शिवायची. मधेच उठून भांडं द्यायची, चादर बदलायची, आईला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावायची, हात धुवायची आणि पुन्हा कॉलर. तिने लग्न केलं नाही, म्हणजे ती मोकळीच आहे, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

धाकटा भाऊ कुठल्याशा खात्यात अधिकारी होता. ताई त्याला 'साहेब' म्हणायची. तो ते खुशीत ऐकून घ्यायचा. त्यातली खोच कळण्याइतका तो हुशार नव्हता. रविवारी साहेब येत ते गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून. मागे बायको, तिच्या हातात कॅमेऱ्याची बॅग. आईसाठी म्हणून काही हातात असलेलं ताईने तरी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी साहेबांना आईला सूप भरवायचं होतं. म्हणजे, भरवतानाचा फोटो हवा होता.

"ताई, तू मागून हिला नीट धर. आई, तोंड उघड. हां, अशीच राहा."

चमचा ओठांपाशी येऊन थांबला. बायको कॅमेरा डोळ्याला लावून उभी.

"अहो, चमचा खाली घ्या ना, त्यांचा चेहरा झाकतोय. आणि तुम्ही जरा हसा. फार नको."

आई आ वासून बसली होती. ताईच्या दंडाला रग लागली.

"अरे, घालणार आहेस की नुसता दाखवणार आहेस?" आई म्हणाली.

फोटो निघाले. साहेबांनी वाटी ताईच्या हातात दिली, बोटं रुमालाला पुसली आणि पडद्यावर स्वतःला न्याहाळत म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांना मेल करतो. फोनवरून पाठवले की फोटोची पार वाट लागते. मेलवर जसेच्या तसे जातात."

सगळ्यांना म्हणजे काका, आत्या, मावसभाऊ आणि अशीच आणखी मंडळी, ज्यांच्यापैकी एकानेही या घराचा जिना चढलेला नव्हता.

मेल आला. 'आज आईला स्वतःच्या हाताने भरवलं. शब्द अपुरे आहेत, म्हणून फोटो जोडत आहे. झूम करून पाहावे.' ताईने खाली पाहिलं, आणखी खाली पाहिलं. फोटो नव्हतेच. सेवेच्या भरात साहेब ते जोडायलाच विसरले होते.

आता कुणीतरी विचारेल, म्हणून तिने फोन मशीनवर ठेवला आणि शिवायला लागली. थोड्या वेळाने उत्तरं येऊ लागली. काकांनी लिहिलं होतं, 'डोळे भरून आले. असा मुलगा पोटी यायला भाग्य लागतं.' मावसभावाने लिहिलं, 'काय क्लॅरिटी आहे! कॅमेरा कुठला?' आणि आत्याने तर कमालच केली: 'दुसऱ्या फोटोत वहिनी किती तृप्त दिसते आहे.'

ताईने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"दुसऱ्या फोटोत?" आईने विचारलं. "मग त्यात तरी मला सूप मिळालं का गं?"

आणि आई हसायला लागली. खुबा दुखायला लागला तरी तिचं हसू थांबेना. ताईला मात्र हसू आलं नाही. या माणसांच्या मताला भिऊन आपण इतकी वर्षं खालच्या मानेने वावरलो, त्यांच्या लग्नकार्यात राबलो, त्यांनी नाकं मुरडली की स्वतःलाच दोष दिला, हे आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने फोन उचलला आणि सगळ्यांना लिहिलं: 'या मेलला एकही फोटो जोडलेला नाही. आत्या, तू दुसरा कुठला पाहिलास?'

दहाएक मिनिटं गेली. मग साहेबांचा फोन.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस, ताई! मला एकट्याला सांगता आलं नसतं?"

"तुला काय सांगायचं? पाहिल्याचं तर त्यांनी सांगितलंय. त्यांना विचार."

"आत्याला केवढं वाईट वाटलं! ती म्हणते, तिला दिसले होते. तुझ्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल."

"असेल," ताई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

साहेबांनी मेल पुन्हा पाठवला, या वेळी फोटोंसकट. ताईने ते उघडून पाहिले. आईच्या पाठीमागे ती बसली होती, तो भाग कापून टाकला होता. आईच्या खांद्यावर फक्त तिची चार बोटं उरली होती. ती कुणाची, असं कुणी विचारलं नाही. कौतुक मात्र पहिल्यापेक्षा सवाई झालं. काकांनी तर आधीचंच वाक्य जसंच्या तसं चिकटवलं होतं.

पुढच्या रविवारी साहेब आले तेव्हा ताईने त्यांना दारातच थांबवलं.

"कॅमेरा बाहेर ठेव आणि आत ये. आईला कुशीवर वळवायचंय, मला एक हात दे."

साहेब आत आले. चादरीचा वास नाकात गेला तसे दोन पावलं मागे सरले. "मला कमरेचा त्रास आहे, तुला ठाऊक आहे ना. नाहीतर मी काय नाही म्हणालो असतो?"

ताईने नेहमीसारखा गुडघा पलंगाला टेकवला आणि आईला एकटीनेच वळवलं. मग चादर खेचून सरळ करता करता म्हणाली, "एक कर. त्या मेलच्या यादीतून माझं नाव काढून टाक."

साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "अगं, पण मग आईची खुशाली तुला कळणार कशी?"

ताईने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे खांदे हलत होते.

"पावडर दे गं," आई म्हणाली, आणि ताईने डबा उचलला.